प्रशासन नव्हे, सुकाणू

जालन्याच्या एका भगिनीनं विचारलंय: बायबलमधलं पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, 12:28 मध्ये जे कृपादान (पवित्र आत्म्यानं मंडळीला दिलेली देणगी) आहे, त्याला 'प्रशासनाचं' म्हणावं की 'कारभाराचं'?

'प्रशासन' मुळीच नको. पास्टरेट कमिटीची, म्हणजे चर्चचं कामकाज पाहणाऱ्या समितीची, निवडणूक जवळ आली की ज्याच्या कमरेला चर्चच्या किल्ल्या आणि हातात पावतीपुस्तक, त्याला 'प्रशासनाचं कृपादान आहे' असं सर्रास म्हटलं जातं. ऐकून डोकं उठतं. हा शब्द 'शास्' धातूचा: हुकूम चालवणं, दंड करणं. घरपट्टीच्या बिलावर थकबाकीपुढे 'शास्ती' छापलेली असते ना, तीही त्याच धातूची. पवित्र आत्मा मंडळीला हे दान कशाला देईल? ख्रिस्ती धर्मप्रसारक नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, ते काय नुसत्या हुकमावर उभं राहिलं?

पौलाचा शब्द आहे 'कुबेर्नेसिस'. तारू हाकारणं, सुकाणू धरणं. करिंथ दोन बंदरांचं शहर, तिथल्या पोराटोरांनाही तो कळला असणार. पुढे लॅटिनमधून त्याचंच 'गव्हर्नमेंट' झालं, ते सर्वांना ठाऊक आहे. मला भुरळ घालतं ते जुन्या करारातलं नीतिसूत्रे 11:14. तिथल्या इब्री (हिब्रू) 'तहबुलोत'साठी, म्हणजे मार्गदर्शनासाठी, ग्रीक भाषांतरकारांनी हाच शब्द योजला. 'तहबुलोत'चं नातं 'हेबेल'शी, म्हणजे दोराशी लावतात. दोर ओढून शीड वळवणारा तो 'होबेल', खलाशी. योना संदेष्ट्याला झोपेतून उठवणारा तारवाचा नायक मूळ इब्रीत 'होबेलांचा प्रमुख' आहे.

आणि आपलं 'सुकाणू'! ते अरबी 'सुक्कान'वरून आलं. अरबी कोशकार त्याचा संबंध 'सुकून'शी जोडतात: हेलकावणारं तारू जे स्थिर करतं ते. औरंगाबादच्या गल्लीत रोज कानावर पडणारा 'सुकून' तो हाच. पाश्चात्त्य पंडित नाक मुरडून सांगतात की 'सुक्कान' मुळात अरामी भाषेतून उसना घेतलेला. असेना! मग तर तो खुद्द येशूच्या बोलीतला ठरतो, आणि पौलाच्या शब्दाला याहून जवळचा मराठी सोबती कुठला? माझं ठाम मत आहे, 'सुकाणूचं कृपादान' म्हणावं. मराठवाड्याला समुद्र नाही, लोकांना कळणार नाही, असा आक्षेप एका पाळकसाहेबांनी घेतला. अहो, 'सुकाणू समिती' हा शब्द गावोगावच्या निमंत्रणपत्रिकांवर छापलेला असतो!

प्रेषितांची कृत्ये 27:11 पाहा. शताधिपतीनं, म्हणजे रोमी सैन्याधिकाऱ्यानं, पौलाचं न ऐकता तांडेल आणि तारवाचा धनी यांचं ऐकलं. 'कुबेर्नेतेस' तो तांडेल. धनी वेगळा, त्याला ग्रीकमध्ये शब्दही वेगळा. कमिटीवर वीस वर्षं ठाण मांडून चर्चच्या जागेला 'आमची प्रॉपर्टी' म्हणणाऱ्यांनी हे एक वचन पाठ करावं. सुकाणू हातात आलं म्हणून तारू नावावर होत नाही.

राहिला 'कारभार'. शब्द सुरेख आहे, आपल्याकडे बाया नवऱ्यालाही 'आमचे कारभारी' म्हणतात. पण याच पत्राच्या 4:1 मध्ये तो 'ओइकोनोमोस'साठी आधीच खर्ची पडलाय: धन्याच्या घराचा हिशेब ठेवणारा. खजिनदाराला तो खुशाल लावा. रोमकरांस 12:8 मधलं दान आणखी तिसरंच, तिथला ग्रीक शब्द म्हणजे शब्दशः 'पुढे उभा राहणारा'. त्याला आपला 'पुढारी' चपखल बसतो, राजकारणानं तो कितीही मळवला असला तरी.