मेट्रिक आणि फूट-इंच, यांत चांगली पद्धत कोणती? आणि मेट्रिक इतकी सोपी असून आपल्याकडं इंच, फूट, गुंठे अजून का सुटत नाहीत?

तुम्ही एकात दोन प्रश्न विचारलेत. चांगली कोणती, याचं उत्तर एका शब्दात देतो: मेट्रिक. इंच-गुंठे का सुटत नाहीत, यावर मात्र सविस्तर बोलावं लागेल, कारण माझा धंदा आणि आमच्या घरची शेती, दोन्ही त्या प्रश्नाशी बांधलेली आहेत.

मी बेळगावात उद्यमबागेत मशिन शॉप चालवतो. हायड्रॉलिकचे अडॅप्टर, पिना, बुश, असली कामं. शेती दोन राज्यांत आहे. थोडी इकडं बेळगाव तालुक्यात, थोडी बाचीच्या पुढं सीमा ओलांडली की चंदगड तालुक्यात.

आधी लेथचं सांगतो. आमच्या शॉपमधला सगळ्यात जुना लेथ आप्पांनी, म्हणजे वडिलांनी घेतलेला आहे आणि त्याचा लीडस्क्रू, म्हणजे टूल पुढं ढकलणारा लांब स्क्रू, इंचाचा आहे, इंचाला चार आटे. म्हणजे लीडस्क्रू एक फेरा फिरला की टूल ६.३५ एमएम पुढं सरकतं. आता गिऱ्हाइकाला दीड एमएम पिचचे, म्हणजे दोन आट्यांत दीड एमएम अंतर असलेले आटे हवेत. १.५ ला ६.३५ नं भागा, उत्तर येतं ३० छेद १२७. म्हणून स्पिंडलकडं, म्हणजे जॉब फिरवणाऱ्या दांड्याकडं, ३० दाती गिअर आणि लीडस्क्रूवर १२७ दाती गिअर. दोन एमएम पिच हवा असेल तर ४० आणि १२७. सव्वाला २५ आणि १२७. वरचा आकडा बदलतो, खालचा १२७ जागचा हलत नाही. तो मूळ संख्या आहे, त्याचे तुकडे पडत नाहीत, त्यामुळं दोन लहान गिअर जोडून तेच गुणोत्तर नेमकं आणता येत नाही. ४७ आणि ३७ ची जोडी घालून जवळ जाता येतं, पण शंभर एमएम लांबीत दोन शतांश एमएमचा फरक राहतोच. साध्या बोल्टला चालेल, लांब स्क्रूला नाही. आप्पा तो १२७ चा गिअर तेल लावून फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. शाळेत मूळ संख्या शिकायच्या आधी मला १२७ ठाऊक होता.

हा १२७ येतो कुठून? १९५९ साली अमेरिका, ब्रिटन आणि इतर काही इंग्रजी देशांनी मिळून ठरवलं की एक इंच म्हणजे बरोबर २५.४ एमएम. त्याची पाचपट १२७. त्याआधी ब्रिटनचा इंच आणि अमेरिकेचा इंच यांत केसाहूनही बारीक, पण फरक होता. आज इंचाला स्वतःचा वेगळा आधार नाही, त्याची व्याख्याच मीटरवरून केलेली आहे. म्हणून चांगली कोणती हा वाद माझ्या लेखी कधीच संपलेला आहे.

पण माझ्या लेथचा लीडस्क्रू १९५९ नं बदलला नाही, आणि मी उद्या मनात आणलं म्हणूनही बदलणार नाही. इंची लेथवर एमएमचे आटे पाडताना हाफ नट, म्हणजे टूलला लीडस्क्रूशी जोडणारा दोन फाकांचा नट, मध्येच उघडून चालत नाही. उघडला तर पुढच्या कटला टूल जुन्या आट्यात परत बसेलच असं नाही. म्हणून प्रत्येक कटला अख्खं मशिन उलटं फिरवून मागं आणायचं. एका नगाला लागणारा वेळ दीडपट होतो. संगणकावर चालणारी सीएनसी मशिनं आल्यापासून हा त्रास गेला, तरी जुन्या लेथवर काम आहेच.

मेट्रिकचं मोल लोक ‘दहानं गुणायला सोपं’ एवढ्यावर मोजतात. तो फायदा खराच आहे. आमच्या शेजारच्या फाउंड्रीत कुणीही तोंडी सांगतो की दहा सेंटिमीटरचा बिडाचा (ओतीव लोखंडाचा) ठोकळा म्हणजे एक लिटर घनफळ, म्हणजे साधारण ७.२ किलो. बांधकामावरचा सेंट्रिंगवाला सळीच्या एमएमचा वर्ग करून १६२ नं भागतो आणि मीटरला किती किलो ते सांगतो. १२ एमएमची सळी, १४४ भागिले १६२, म्हणजे मीटरला ८९० ग्रॅमच्या आसपास. पौंड आणि घनइंचात हे असं बोटावर येत नाही. पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट वेगळी आहे. मेट्रिक जगभर एकच आहे. १८७५ साली पॅरिसमध्ये मीटरचा करार झाला, तेव्हापासून मीटर कुणा एका देशाचा राहिला नाही. इंचाचं घराणं मात्र आतूनच फुटलेलं आहे. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा, अमेरिकन ३.७८५ चा. अर्ध्या इंचाचा बोल्ट ब्रिटिश व्हिटवर्थचा असेल तर इंचाला १२ आटे, अमेरिकन यूएनसीचा असेल तर १३. एम-१२ चा, म्हणजे १२ एमएमचा साधा मेट्रिक बोल्ट कुठूनही आणा, पिच १.७५ च.

याचा फटका मी खाल्लेला आहे. काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग आलं, अडॅप्टर, ‘अर्धा इंच, १४ टीपीआय’, म्हणजे इंचाला १४ आटे. आमच्या भागात अर्धा इंच म्हटलं की बीएसपी, म्हणजे ब्रिटिश पद्धतीचा पाइपाचा आटा, ५५ अंशाचा. आम्ही ४०० नग त्याच टूलनं काढले. माल गेला आणि सगळा परत आला. त्यांना एनपीटी, म्हणजे अमेरिकन पद्धतीचा पाइपाचा आटा हवा होता, ६० अंशाचा. अर्ध्या इंचाला दोन्हींत इंचाला १४ च आटे असतात, त्यामुळं एक दुसऱ्यात सरळ शिरतो, पान्यानं आवळलाही जातो, बघणाऱ्याला काही कळत नाही. दाब चढला की तेल झिरपायला लागतं. ड्रॉइंगवर आटा कुठला ते लिहिलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. चारशे नग भंगारात गेले. अमेरिकेचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर १९९९ मध्ये मंगळापाशी नष्ट झालं, कारण एका बाजूच्या सॉफ्टवेअरनं पौंडात दिलेले आकडे दुसऱ्या बाजूनं न्यूटनचे समजून वापरले. ती बातमी मी आधी वाचली होती, पण नीट समजली ती हे नग मोजताना.

आणि त्या ‘अर्ध्या इंचात’ अर्धा इंच कुठंच नाही. अर्धा इंच म्हणजे १२.७ एमएम, आणि पाइपाचा बाहेरचा व्यास २१ एमएमच्या वर. जुन्या काळी आतल्या भोकावरून पडलेलं नाव आहे ते. आता कागदोपत्री त्याच पाइपाला ‘१५ एनबी’ म्हणतात, म्हणजे नावापुरतं १५ एमएमचं भोक. पाइप तसूभर बदलला नाही, नाव तेवढं मेट्रिक झालं. सराफाकडं उलट झालं. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता, आता तोळा म्हटलं की सराफ आणि गिऱ्हाईक दोघं १० ग्रॅमच धरतात. तिथं नाव जुनं राहिलं आणि आतलं माप बदललं. माझ्या अनुभवात तोळ्यासारखा बदल निभावतो आणि पाइपासारखा बदल घोळ घालतो.

इंचाच्या बाजूनंही एक गोष्ट मनापासून सांगतो. सुतार किंवा फॅब्रिकेटर अजून सुतात बोलतो. आठ सूत म्हणजे इंच, चार सूत म्हणजे अर्धा, दोन सूत म्हणजे पाव. हातानं काम करणारा माणूस अर्ध्याचं अर्धं करत जातो, दहावा भाग करत नाही. आपली जुनी मोजणी तशीच होती. रुपयाचे १६ आणे, शेराचा पावशेर, आणि पोरांना पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ. माझ्या आज्जाला साडेतीनची पटी क्षणात यायची, कारण त्यांना औटकी पाठ होती. इंच आपल्याकडं इतका रुजला तो नुसत्या इंग्रजांच्या सत्तेमुळं नाही, तो या अर्ध्या-पावाच्या हिशेबात अलगद बसला म्हणूनही.

आता जमिनीकडं येतो, कारण सीमाभागात खरा गोंधळ तिथं आहे. मुंबई इलाख्याची मोजणी ३३ फुटांच्या साखळीनं झाली. साखळीचे १६ आणे. ३३ बाय ३३ फूट म्हणजे १०८९ चौरस फूट, तो एक गुंठा. ४० गुंठ्यांचा एकर. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं, म्हणून आमचे बांध आणि चंदगडचे बांध एकाच साखळीचे. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात देशाचा मेट्रिक मापांचा कायदा झाला. पुढं महाराष्ट्राच्या सातबाऱ्यावर हेक्टर-आर आले. कर्नाटकाच्या उताऱ्यावर एकर-गुंठे-आणे राहिले, जमिनीच्या नोंदींच्या ‘भूमी’ या संगणक योजनेत गेल्यानंतरही. एकाच घरात दोन उतारे, एक मेट्रिकमध्ये आणि एक साखळीत, ही आमच्याकडं नेहमीची गोष्ट आहे.

गावात सरसकट म्हणतात, ‘आर म्हणजेच गुंठा’. तसं नाही. आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा १०१.१७ चौरस मीटर. एका आराला फरक वाटत नाही, साठत जातो. हेक्टरभरात १०० आर होतात, पण गुंठे ९८.८४ च.

आमच्या घरी वाटणी झाली तेव्हा आप्पांना बेळगावकडचे तीन एकर आले आणि काकांना चंदगडकडची १ हेक्टर २० आर. जमीन सारख्याच मोलाची, आणि दोघांनी मिळून हिशेब केला: १२० आर म्हणजे १२० गुंठे, म्हणजे तीन एकर, बरोबर झालं. पुढं काकांच्या मुलाला शिनोळीकडं रस्त्यालगत शेड घालायचं होतं, म्हणून मोजणी झाली, १२,००० चौरस मीटर. मी घरी बसून भागलं. ११८.६१ गुंठे. काकांकडं १.३९ गुंठे कमी, म्हणजे दीड हजार चौरस फूट. तीस बाय चाळीस फुटांच्या एका प्लॉटपेक्षा जास्त जागा.

त्यात अजून एक खोच निघाली. मी घरचे सगळे तुकडे एक्सेलमध्ये घातले होते. कर्नाटकाच्या बाजूला १.२० म्हणजे १ एकर २० गुंठे, म्हणजे दीड एकर. महाराष्ट्राच्या बाजूला १.२० म्हणजे १ हेक्टर २० आर. मधला ठिपका दिसायला एकच, पण एकीकडं तो खरा दशांश आहे आणि दुसरीकडं नाही. १.२० आणि १.३० एकराची बेरीज संगणकानं २.५० दिली. खरी बेरीज ३ एकर १० गुंठे. त्या दिवसापासून मी एकर आणि गुंठ्यांना दोन वेगळे रकाने ठेवतो.

काकांनी तक्रार केली नव्हती, त्यांना फरक माहीतच नव्हता. मी आकडा आप्पांना दाखवला. त्यांनी दोनदा वहीवर मांडून बघितला, मग काकांना बोलावून घेतलं आणि निम्म्या फरकाची, म्हणजे ०.७ गुंठ्याची किंमत काकांच्या हातात दिली. नवा कागद केला तेव्हा दोन्हीकडच्या जमिनी चौरस मीटरमध्ये लिहिल्या, आणि खाली ज्या त्या उताऱ्यावरचा आकडा त्याच्या एककाच्या नावासकट.

तुमचीही जमीन दोन्हीकडं असेल तर एकर आधी ४० नं गुणून सगळ्याचे गुंठे करा, मग १०१.१७ नं गुणा. सातबाऱ्यावरच्या आरांना नुसतं १०० नं गुणलं की झालं. दोन्ही आकडे चौरस मीटरमध्ये आले की मगच बेरीज-वजाबाकी करा.