मोमेंटमला मराठीत काय म्हणायचं? संवेग तर नक्कीच नाही

परवा भाचीचा मेसेज आला. ती परदेशी बातम्यांची मराठी भाषांतरं करते. "मामा, अमेरिकेत अध्यक्षपदाच्या शर्यतीत एखाद्याने सुरुवातीचीच प्रायमरी जिंकली की त्याला मोमेंटम मिळालं असं सगळे लिहितात, त्याला मराठीत काय म्हणू? मी 'संवेग' लिहिलं होतं, वरच्यांनी खोडून 'गती' केलं, मला दोन्ही पटत नाहीये." तिला फोनवर जे सांगितलं तेच जरा ऐसपैस लिहितोय. (प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायला एकेका राज्यात होणारी निवडणूक.)

संवेग हा शब्द तिने नववीच्या विज्ञानातून उचलला हे उघड आहे. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग, आणि त्याच धड्यात पुढे संवेग अक्षय्यतेचा सिद्धांत येतो, म्हणजे बाहेरून कुणी धक्का दिला नाही तर एकूण संवेग आहे तेवढाच राहतो. भरलेला ट्रक ब्रेक मारला तरी पुढे जातो तो ह्याच्यामुळे. आता हे राजकारणाला लावून बघा. १९८० साली रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारीसाठी लढताना थोरल्या जॉर्ज बुशनी आयोवा राज्याच्या कॉकसमध्ये (म्हणजे पक्षाचे मतदार सभांना जमून कौल देतात त्यात) रेगनना दोनेक टक्क्यांनी हरवलं आणि खुशीत येऊन जाहीर केलं की आता 'बिग मो' आपल्या बाजूला आहे. मो म्हणजे मोमेंटमच, लाडाने. पाच आठवड्यांनी न्यू हॅम्पशायरची प्रायमरी झाली, रेगनना साधारण ५० टक्के आणि बुशना २३! कुठे गेला संवेग? अक्षय्य वगैरे काही नसतं तिथे. मराठी माणसाने हे एका वाक्यात सांगितलं असतं, आयोवानंतर बुशच्या डोक्यात हवा गेली आणि न्यू हॅम्पशायरमध्ये ती निघाली.

आणि माझ्या मते तोच शब्द आहे, हवा. "सध्या कुणाची हवा आहे?" हे आपण ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत विचारतो. हवा होते, हवा करतात, हवा भरतात, हवा काढतात, कधी कधी नुसतीच हवा असते. ह्या शब्दात जोरही आहे आणि पोकळपणाही, आणि सुरुवातीच्या विजयाचं नेमकं तसंच असतं.

कारण आकडे बघितले तर तिथे जिंकण्यासारखं फारसं काही नसतं. प्रत्येक राज्यातून उमेदवाराला प्रतिनिधी मिळतात आणि ते पक्षाच्या अधिवेशनात त्याला मत देतात. २०२० साली डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी अधिवेशनातल्या पहिल्याच फेरीत मिळवायला असे १,९९१ प्रतिनिधी लागत होते आणि न्यू हॅम्पशायर जिंकणाऱ्या सँडर्सना तिथून मिळाले ९. दुसऱ्या नंबरवरच्या बुटिजेजनाही ९च! आपल्याकडे ह्याला नमनालाच घडाभर तेल म्हणतात, महिनोन्‌महिने ह्या एवढ्याशा राज्यात मुक्काम, कॅमेऱ्यांची गर्दी, आणि पदरात नऊ. तरी सगळे तिथे मरमर मरतात, कारण मिळते ती हवा. म्हणजे टीव्हीवर तोंड दिसायला लागतं, देणगीदार चेक फाडतात, कुंपणावरचे नेते उगवत्या सूर्याला नमस्कार करतात, आणि मागे पडलेल्यांचे पैसे आटून ते एकेक करून घरी जातात. आयोवा १९७२ पासून सगळ्यात पुढे यायला लागलं. न्यू हॅम्पशायर त्याच्याही कितीतरी आधीपासून, १९२० पासून, पहिली प्रायमरी घेतंय आणि ती पहिलीच राहावी म्हणून त्यांनी चक्क कायदा करून ठेवलाय.

मोमेंटम म्हणजे हवाच, हे पटत नसेल तर २०१२चं आयोवा घ्या, माझं सगळ्यात आवडतं उदाहरण. ३ जानेवारीच्या रात्री मिट रॉमनी आठ मतांनी जिंकले असं सांगितलं गेलं. आठ मतं, आपल्याकडे सोसायटीच्या निवडणुकीत पण एवढी चुरस नसते. लगेच बातम्या झाल्या, रॉमनी पुढे निघाले, आठवड्याने न्यू हॅम्पशायरही जिंकले. आणि मग १९ जानेवारीला अंतिम आकडे आले की खरं तर रिक सँटोरम ३४ मतांनी पुढे आहेत. मतं सँटोरमची आणि दोन आठवडे हवा खाल्ली रॉमनींनी! भौतिकशास्त्रात असं होतं का हो, की ढकललं एकाला आणि पळाला दुसरा?

उलटही होतं. १९६८ला न्यू हॅम्पशायरमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सनना ४९ टक्के मतं पडली, तीही मतपत्रिकेवर नाव छापलेलं नसताना लोकांनी हाताने नाव लिहून दिलेली, आणि त्यांच्याच पक्षातून विरोधात उतरलेल्या युजीन मॅकार्थींना ४२. जिंकले जॉन्सन पण हवा झाली मॅकार्थींची, आणि महिना संपायच्या आत जॉन्सननी आपण पुन्हा उभे राहणार नाही असं सांगून टाकलं. त्यांच्या माघारीमागे व्हिएतनामसकट बरीच कारणं होती, पण इथला मुद्दा एवढाच की हवा मतांवर ठरत नाही, लोकांनी किती धरलं होतं आणि किती आली ह्या फरकावर ठरते. विद्यमान अध्यक्षाला पन्नास टक्केसुद्धा नाहीत, हीच बातमी झाली. बिल क्लिंटनची १९९२ची गोष्टही त्यातलीच, न्यू हॅम्पशायरमध्ये दुसरे आले पण लफड्यांच्या बातम्यांनी आता हा संपला असं लोक धरून चालले होते, तर गड्याने त्याच रात्री स्वतःला 'कमबॅक किड' म्हणवून घेतलं, आणि जिंकलेले पॉल साँगस आज कुणाला आठवतायत.

सगळ्यात भारी गोष्ट १९७६ची आहे. जॉर्जियाचे माजी गव्हर्नर जिमी कार्टर, बाहेर फारसं कुणी ओळखत नव्हतं. आयोवात 'अजून ठरलं नाही' ह्या गटाला पडले सुमारे ३७ टक्के आणि कार्टरना २८. म्हणजे पहिला नंबर 'कुणीच नाही'चा! पण नाव असलेल्यांत कार्टर पहिले, म्हणून हवा त्यांची, पुढे न्यू हॅम्पशायर, पुढे उमेदवारी, पुढे व्हाइट हाउस.

भाची म्हणाली मग 'लाट' का नको. लाट वेगळी. लाट मतमोजणीनंतर दिसते, तिच्यात भलेभले वाहून जातात आणि ती आकड्यांत दाखवता येते. हवा आधीची, बोलण्यातली. हवेची लाट होऊ शकते पण दर वेळी होतेच असं नाही. ओबामांची झाली. ३ जानेवारी २००८ला आयोवा जिंकल्यावर साऊथ कॅरोलिनातल्या कृष्णवर्णीय मतदारांना पहिल्यांदा वाटलं की आयोवासारखं गोरं राज्य ह्याला मत देत असेल तर हा खरंच निवडून येईल, आणि तिथे ते ५५ टक्के घेऊन जिंकले. पण मधे पाचच दिवसांत न्यू हॅम्पशायरने हिलरींना जिंकवून सगळ्या पोलवाल्यांना तोंडघशी पाडलं होतं हेही विसरू नका.

माझ्या डोक्यात आधी 'भवानी' आलं होतं. दुकानदाराची दिवसाची पहिली विक्री ती भवानी, ती चांगली झाली की दिवस चांगला जातो अशी समजूत. शब्द गोड आहे पण पूर्ण बसत नाही, कारण भवानीने पुढचं गिऱ्हाईक येत नाही, फक्त दुकानदाराचा मूड चांगला होतो. इथे पुढचं गिऱ्हाईक खरोखर गर्दी बघून येतं. सुरुवातीलाच आपटणाऱ्यासाठी मात्र आपल्याकडे तयार शब्द आहे, प्रथमग्रासे मक्षिकापात, पहिल्याच घासाला माशी. बायडन २०२० मध्ये आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे, दोन घासांना दोन माश्या. मग २९ फेब्रुवारीला साऊथ कॅरोलिना जिंकले, दोन दिवसांत बुटिजेज आणि क्लोबुचार दोघांनी माघार घेऊन त्यांना पाठिंबा दिला आणि ३ मार्चच्या सुपर ट्यूजडेला, म्हणजे एकाच दिवशी बरीच राज्यं मत देतात त्या मंगळवारी, चौदापैकी दहा राज्यं त्यांची. म्हणजे पहिलं कोण ह्यापेक्षा ऐन मोक्याला हवा कुणाची हे महत्त्वाचं.

जाता जाता तिच्या त्याच बातमीतला अजून एक शब्द मी खोडला, 'नामांकन'. ते ऑस्करला मिळतं. अमेरिकेत नॉमिनेशन मिळालं म्हणजे पक्षाची उमेदवारी मिळाली, सरळ 'उमेदवारी' लिहा. आणि प्रायमरीला 'प्राथमिक निवडणूक' लिहिलं की मला तरी झेडपीची शाळाच दिसते, त्यापेक्षा प्रायमरीच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'उमेदवार ठरवायची निवडणूक' असं फोडून सांगा. आपल्याकडे तिकीट वरून येतं, तिथे ते मतदार देतात, हा फरक वाचकाला कळला पाहिजे. आपल्या बेळगावकडचे श्री ठाणेदार २०१८ला मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी उतरले तेव्हा प्रायमरीतच तिसरे आले, विषय तिथेच संपला. २०२२ला प्रायमरी जिंकले आणि मग काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, पोचले.

तर वाक्य असं झालं: 'आयोवा जिंकताच त्यांची हवा झाली.' भाचीने पाठवलं, वरून उत्तर आलं की मजकुरात चालेल पण हेडलाइनला हवा फारच बोलीतलं वाटतं. मग हेडलाइनला 'जोर' घ्या म्हटलं, 'आयोवातल्या विजयाने प्रचाराला जोर', तेही चुकीचं नाही. गती मात्र नको, गती कासवालाही असते.