वाचकांचे प्रश्न : ‘मूकबधिर’, ‘कर्णबधिर’ की सरळ ‘बहिरा’?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच गोष्टीभोवती फिरणारी होती. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना काय म्हणावं, आणि आपण म्हणतो ते त्यांना कसं वाटतं? त्यातली सहा पत्रं निवडली आहेत; प्रत्येक पत्राखाली त्याचं उत्तर आहे.

आमच्या विभागात पुढच्या महिन्यात एक सहकारी रुजू होणार आहेत. त्यांना ऐकू येत नाही. स्वागताच्या ई-मेलमध्ये साहेबांनी ‘मूकबधिर’ लिहिलं, मी ते ‘कर्णबधिर’ केलं, आणखी एकाने ‘श्रवणबाधित’. बरोबर कोणतं?

आधी ‘मूक’ खोडा, बाकीचं मग बघू. बधिर माणसाचे स्वरतंतू बहुतेक वेळा अगदी ठणठणीत असतात. तो खळखळून हसतो, चिडला तर ओरडतो, ठेच लागली तर कळवळतो. मूल बोलायला शिकतं ते स्वतःचा आवाज स्वतःच्या कानांनी तपासत. उच्चार चुकला, कानाला खटकला, पुन्हा केला, असं ते चालतं. कानच साथ देत नसतील तर हे चक्र सुरूच होत नाही. तरीही अनेक जण स्पीच थेरपी घेऊन बोलतात. काहींना बोलता येतं, पण अनोळखी माणसं आवाज ऐकून वळून बघतात म्हणून ते चारचौघांत तोंड उघडत नाहीत. शिवाय सांकेतिक भाषेत दिवसभर गप्पा मारणाऱ्याला ‘मूक’ कसं म्हणायचं? बधिर माणसांना सगळ्यांत जास्त झोंबतो तो हाच शब्द, कारण तो सरळ सरळ खोटा आहे. कायद्यानेही हे दोन वेगळे मानले आहेत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या परिशिष्टात ऐकण्याची एक नोंद आहे आणि वाचा व भाषेची दुसरी.

‘कर्णबधिर’ कागदावर चालतो. तो रुळलेला आहे आणि त्यात कुणाचा अपमान नाही. काही जणांना मात्र ‘बधिर’ खटकतो, आणि त्याला कारण आहे. दात काढताना हिरडी बधिर करतात, फार ताण आला की डोकं बधिर होतं. म्हणजे बोली मराठीत या शब्दाला ‘संवेदना गेलेला’ असा वास आहे. दुसरीकडे बधिर समुदायातलेच लोक ‘बधिर’ हा एकटा शब्द निःसंकोच वापरतात.

‘श्रवणबाधित’, ‘श्रवणदोष असलेले’ हे शब्द ऐकणाऱ्यांना सौम्य वाटतात. पण त्यात पहिला उल्लेख येतो तो बिघाडाचा. इंग्रजीत ‘हिअरिंग इम्पेअर्ड’बद्दल हाच वाद झाला आणि जागतिक बधिर महासंघाने 1991 मध्ये ‘डेफ’ (बधिर) आणि ‘हार्ड ऑफ हिअरिंग’ (कमी ऐकू येणारे) हे दोन साधे शब्द पसंत केले.

आता ई-मेलचं. त्यात बिरूद हवंच कशाला? सहकाऱ्यांना उपयोगी पडेल ते लिहा: “त्या सांकेतिक भाषा वापरतात. बैठकीला दुभाषी असेल. फोनऐवजी मेसेज करावा.” आणि हा मजकूर पाठवण्याआधी त्यांना दाखवा. “तुमच्या ओळखीत काय लिहू, कोणता शब्द आवडेल?” एवढा मेसेज पुरतो. “तुम्हाला नक्की काय प्रॉब्लेम आहे?” असं मात्र विचारू नका.

एखाद्या जुन्या शाळेच्या किंवा संस्थेच्या नावातच ‘मूकबधिर’ असेल, तर विशेषनाम म्हणून ते जसंच्या तसं लिहा. पुढच्या वाक्यात तिथल्या मुलांना ‘मूकबधिर मुलं’ म्हणू नका, इतकंच.

सासरे 74 वर्षांचे आहेत. गेल्या काही वर्षांत त्यांचं ऐकणं खूप कमी झालंय. मी एकदा ‘कर्णबधिर’ म्हटलं तर दोन दिवस बोलले नाहीत. “मला ऐकू येतं, तुम्ही पुटपुटता,” असं म्हणतात.

त्यांचं म्हणणं तुम्हाला वाटतं त्यापेक्षा खरं आहे. वयोमानाने ऐकणं कमी होतं तेव्हा आधी उच्च कंप्रतेचे, म्हणजे बारीक पट्टीतले आवाज जातात. स्वर जड असतात, ते कानापर्यंत येतात. स, श, च, त यांसारखी व्यंजनं गळतात. त्यामुळे आवाज ऐकू येतो, शब्द लागत नाही. ‘पाच’ आणि ‘सात’ घ्या. मधला ‘आ’ दोन्हींत सारखा, फरक सगळा व्यंजनांत, आणि तीच निसटलेली. गोळ्या पाच वाजता घ्यायच्या की सात वाजता, असा घोळ तिथे होतो. ओरडून सांगितलं की जोर पडतो स्वरांवर, व्यंजनं तिथेच राहतात. वर असा कान थोड्याशा वाढलेल्या आवाजालाही कर्कश मानतो, म्हणून “ओरडतेस कशाला?” हेही ऐकावं लागतं.

उपाय असा: एक-दोन मीटरवर, समोर, चेहऱ्यावर उजेड पडेल असं उभं राहा. टीव्ही बंद करा. वेग थोडा कमी ठेवा. ‘पाच’मधला ‘प’ ओठ मिटून येतो, ‘सात’मधला ‘स’ येत नाही, त्यामुळे चेहरा दिसला तर बरंच काम होतं. सगळं नाही. पान, बाण आणि मान ओठांवर जवळजवळ सारखेच दिसतात. म्हणून नाही समजलं तर तेच वाक्य पुन्हा न रेटता शब्द बदला, आणि वेळ, तारीख, पैसे लिहून द्या.

बिरुदाचं म्हणाल तर, साठ-सत्तर वर्षं ऐकत आलेल्या माणसाची सगळी ओळख ऐकणाऱ्यांच्या जगातली असते. सांकेतिक भाषा त्यांना येत नाही, बधिर समुदायाशी ओळख नाही. त्यांच्यासाठी ‘कर्णबधिर’ म्हणजे घरातली जागा हिसकावणं. ते स्वतः म्हणतात ते घ्या: ‘मला कमी ऐकू येतं’. श्रवणतपासणीचा विषय काढायलाही हेच वाक्य कामाला येतं: “तुम्हीच म्हणता शब्द स्पष्ट येत नाहीत, ऑडिओग्राम काढून बघू.”

भाचीला तीन वर्षांपूर्वी कॉक्लिअर इम्प्लांट बसवलं. ती छान बोलते. तिच्या बाई म्हणतात, “ती आता बहिरी नाही, तिला वेगळं काही नको.” ताई मात्र तिला बधिरच म्हणते. हे मुलीच्या मनावर वाईट नाही का?

ताई बरोबर आहेत. कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे शस्त्रक्रियेने कानाच्या आत बसवलेलं ऐकण्याचं उपकरण; त्याला आवाज पुरवतो तो कानामागचा प्रोसेसर. तो रात्री काढून ठेवला की मुलीला बहुधा काहीच ऐकू येत नाही. बॅटरी संपली, तेच. खेळताना डोक्यावरची चुंबकाची चकती निसटली, तेच. प्रोसेसर लावलेला असतानाही ते आपल्यासारखं ऐकणं नव्हे. निरोगी आतल्या कानाच्या शंखात आवाज टिपणाऱ्या सुमारे साडेतीन हजार आतल्या केसपेशी असतात. इम्प्लांटमध्ये त्यांचं काम बनावटीप्रमाणे साधारण 12 ते 22 इलेक्ट्रोड करतात. शांत खोलीत समोरासमोर ती छान बोलेल. तिच्या मागे बेंच सरकतोय, पंखा घरघरतोय आणि बाई फळ्याकडे तोंड करून सांगतायत, तिथे तिचं निम्मंअधिक बुडेल.

‘बरी झाली’ या शिक्क्याचा तोटा इथेच होतो. शिक्का कौतुकाचा, पण त्यामुळे पुढचा बाक जातो, बाईंचा आवाज थेट प्रोसेसरला पोचवणारा त्यांच्या गळ्यातला माइक जातो, आणि उत्तर चुकलं की ‘लक्ष नाही’ हा नवा शिक्का बसतो. दिवसभर कान ताणून ऐकल्याने अशी मुलं दुपारनंतर पेंगतात, त्यालाही आळस म्हटलं जातं. स्वतःला बधिर म्हणता येणारी मुलगी “बाई, माझी बॅटरी गेली, पुन्हा सांगा” असं बिनधास्त म्हणते. ‘बरी झालेली’ मुलगी मान डोलावते आणि शेजारणीच्या वहीत बघते. बाईंना चिठ्ठी द्या, त्यात चारच गोष्टी: कुठे बसवायचं, माइक कधी लावायचा, जास्तीची बॅटरी दप्तराच्या कोणत्या कप्प्यात आहे, आणि गृहपाठ फळ्यावर लिहायचा.

इंग्रजीत ‘डेफ’ कधी मोठ्या ‘डी’ने, कधी लहान ‘डी’ने छापलेला दिसतो. भाषांतर करताना मराठीत हा फरक कसा दाखवायचा?

लहान ‘डी’ म्हणजे केवळ ऐकू न येणं. मोठा ‘डी’ म्हणजे सांकेतिक भाषा आणि तिच्याभोवतीचा समाज आपला मानणारी माणसं. ही पद्धत 1972 मध्ये भाषाशास्त्रज्ञ जेम्स वुडवर्ड यांनी सुचवली. आता काहींना ती नकोशी वाटते, कारण तिच्यामुळे कोण ‘खरा’ बधिर आणि कोण कच्चा अशी भांडणं लागतात. आपल्या लिपीत मोठं अक्षर नाही, तेव्हा शब्दांनीच सांगा: एकीकडे ‘ऐकू न येणारे’, दुसरीकडे ‘बधिर समुदाय’ किंवा ‘सांकेतिक भाषा वापरणारे बधिर’. अवतरणचिन्हात ‘बधिर’ टाकू नका, तो टोमणा वाटतो.

भाषांतरात आणखी दोन गफलती होतात. ‘हिअरिंग’ (ज्याला ऐकू येतं तो) या विशेषणाला ‘नॉर्मल’ लिहिलं जातं. बधिराच्या विरुद्ध ‘ऐकणारा’. आणि ‘साइन लँग्वेज’ला ‘खाणाखुणा’ म्हणतात. खाणाखुणा आपण बसच्या खिडकीतून करतो. सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. भाषाशास्त्रज्ञ विल्यम स्टोको यांनी 1960 मध्ये अमेरिकन सांकेतिक भाषेबद्दल ते दाखवून दिलं. त्याआधी, 1880 मध्ये बधिरांच्या शिक्षकांच्या मिलान परिषदेने शाळांतून सांकेतिक भाषा हद्दपार करण्याचा ठराव केला होता आणि मुलांच्या हातांना शिस्त लावण्यात पिढ्या गेल्या. ‘खाणाखुणा’ या शब्दावर बधिर माणसं का उसळतात ते यावरून कळावं.

अर्जात काय लिहायचं? मुलाला ‘दिव्यांग’ हा शब्द अजिबात आवडत नाही.

अर्जात दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर असेल तोच शब्द लिहा, आवडीनिवडी तिथे आणू नका. शब्द जुळला नाही तर अर्ज परत येऊ शकतो. 2016 च्या कायद्यानुसार दोन्ही कानांत, बोलण्याच्या कंप्रतांवर 70 डेसिबलची श्रवणहानी असेल तर ‘बधिर’, 60 ते 70 असेल तर ‘कमी ऐकू येणारे’. हा कार्यालयाचा मोजमापाचा शब्द आहे. घरी, मित्रांत मुलाने स्वतःला काय म्हणायचं ते त्याचं तो ठरवेल. ‘दिव्यांग’ न आवडणारा तो एकटा नाही. दिव्य वगैरे काही नको, दुभाषी द्या, असं अनेकांचं म्हणणं असतं.

ऑफिसातले तीन बधिर सहकारी आपसांत माझा उल्लेख करताना तळहात डोक्यावरून मागे फिरवतात. म्हणजे टक्कल! आम्ही ‘बहिरा’ म्हणायचं नाही आणि त्यांनी हे चालवून घ्यायचं?

अभिनंदन, तुम्हाला संकेतनाव मिळालं आहे. प्रत्येक वेळी एकेक अक्षर बोटांवर काढणं वेळखाऊ असतं, म्हणून नेहमीच्या माणसाला एका हालचालीचं नाव देतात. ते बहुधा डोळ्यांना पहिल्यांदा दिसतं त्यावरून पडतं: गालावरचा तीळ, कुरळे केस, भुवईवरची खूण, चष्मा वर ढकलायची सवय. त्यांची स्वतःची नावंही याच जातीची असतात, विचारून बघा. दिसतं ते सांगणं या भाषेत उद्धटपणा मानत नाहीत. टक्कल खरंच आहे ना? मग त्यांच्या लेखी तक्रारीला जागा नाही. ‘मूक’ त्यांना लागतो तो खोटा म्हणून, आणि ‘बहिरा’ लागतो तो आपण शिवीसारखा वापरून नासवला म्हणून. कुणी हाकेला ओ दिली नाही की “बहिरा आहेस का?” हे आपण ऐकणाऱ्यांनाच म्हणतो.

तरीही नाव खुपत असेल तर तसं सांगा, नाव बदलता येतं. फक्त नवं नाव स्वतः बनवून नेऊ नका. संकेतनाव समुदायाने द्यायचं अशी रीत आहे, आणि ऐकणाऱ्याने घरून ठरवून आणलेलं नाव बरेचदा आधीच दुसऱ्या कुणाचं तरी असतं, किंवा त्या हालचालीचा अर्थ भलताच निघतो. “दुसरं द्या” म्हणा आणि थांबा. ते तुमच्याकडे थोडा वेळ निरखून बघतील. तेव्हा पोट आत ओढून घेतलेलं बरं.