मुलाचं नाव 'सोपान' ठेवलं तर पुण्यात त्याला चिडवतील का?

प्रश्न वाचला आणि हसूच आलं, कारण माझं नाव निवृत्ती आणि धाकट्या भावाचं सोपान. मधला ज्ञानेश्वर, शेंडेफळ मुक्ता. वडील माळकरी. चौथी मुलगीच झाली म्हणून त्यांचा हिशोब जुळला, नाहीतर पाचव्याची वाट बघत बसले असते, असं आई म्हणायची.

तुमचे सासरे वारकरी, त्यांचं नाव सोपान, ते गेल्या वर्षी गेले म्हणून घरच्यांना तेच नाव हवंय, आणि तुम्ही मनात 'सोहम' धरून बसलाय. बरोबर ना?

चिडवतील. पण नावावरून चिडवायला पोरांना संताचंच नाव लागतं असं नाही. मी आयुष्यभर मास्तरकी केली, वर्गातल्या अर्णवचं काय काय केलेलं बघितलंय. माझं म्हणाल तर गावात कुणी हसलं नाही. आमच्या नाशिक जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरला निवृत्तीनाथांची समाधी, पौष वद्य एकादशीला तिथे यात्रा भरते. वर्गात आम्ही तीन निवृत्ती होतो. बी.एड.ला पुण्यात आलो आणि होस्टेलवर पहिल्याच रात्री एकाने विचारलं, "जन्मल्या जन्मल्या रिटायर का रे?" तो विनोद मी पुढे तीस वर्षं ऐकला. परवा खरोखरच रिटायर झालो, तर फ्लेक्सवाल्याचा फोन: "सर, मजकुरात निवृत्ती दोनदा आलंय. एक काढू का?"

सोपानला ही अडचण नाही. सोपान म्हणजे जिना, पायरी. निवृत्ती, ज्ञान, सोपान, मुक्ती अशी ओळीने चढत जाणारी नावं आहेत ती. या संत भावंडांचे वडील विठ्ठलपंत संन्यास सोडून संसारात परत आले, म्हणून गावाने वाळीत टाकलं, आणि त्या माणसाने पोरांची नावं मात्र अशी ठेवली! मला हे नेहमी विलक्षण वाटतं. सोपानदेवांची समाधी सासवडला, कऱ्हेकाठी. दिवेघाट चढून माउलींची पालखी तिथेच मुक्कामाला उतरते. समाधी घेतली तेव्हा ते विशी-बाविशीचे असतील, पण वारकऱ्यांच्या तोंडी 'सोपानकाका'. तुमच्या बाळाला पाळण्यातच काका म्हणणारे भेटतील, तयारी ठेवा.

आता खरी गोष्ट. तुमची भीती चिडवण्याची नाहीच, 'गावठी' वाटण्याची आहे. राग मानू नका. एकाच घरातल्या आम्हा चौघांचं बघा ना. मुक्ता हे नाव आज पुण्या-मुंबईत कुणीही हौसेने ठेवतं. ज्ञानेश्वर सगळीकडे खपतो. निवृत्ती आणि सोपान मात्र एसटी स्टँडवरच उतरले. नावं एकाच आईबापाची, एकाच काळातली. कबीरही संतच, आणि कोथरूडमधल्या पाळणाघरात हाक मारली तर दोन कबीर वळून बघतील. तुकाराम कुठे आहे? सावता? गोरा? चोखा या शब्दाचा अर्थ शुद्ध, निर्मळ. इतका सुंदर अर्थ असून सोसायटीच्या पाटीवर ते नाव मी अजून वाचलेलं नाही, आणि का नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. नाव जुनं आहे म्हणून मागे पडत नाही, ते कुणाच्या घरात जास्त ऐकू येतं त्यावरून आपण ते जुनं ठरवतो.

तरी केवळ सासऱ्यांची आठवण म्हणून, मनाविरुद्ध ठेवू नका. नाव एकदा ठेवलं की दिवसातून शंभरदा तुम्हालाच उच्चारायचंय. कागदावर सोपान आणि घरात 'सॉनी' होणार असेल तर सोहमच बरा. बाल्कनीत उभं राहून दोन-चार दिवस मोठ्याने हाक मारून बघा. "सोपाऽन, जेवायला ये." जीभ अडखळते का, खाली कुणी ऐकलं तर आवाज आपोआप लहान होतो का, ते तुमचं तुम्हाला कळेल.

घाईही नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण ती नावाशिवाय होते. नाव पुढच्या १२ महिन्यांत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. बारशाला आत्याने कानात एक सांगितलं आणि दाखल्यावर दुसरं लागलं, असं घरोघरी झालेलं आहे. आणि इंग्रजी स्पेलिंगच्या बाबतीत सोपान म्हणजे सुख. माझ्या नावात 'वृ' आहे. आधारवर 'आर-यू', पॅनवर 'आर-आय', पासबुकात 'टी' एकच. पेन्शनच्या कागदांसाठी 'हे तिन्ही इसम एकच आहेत' असं प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागलं.

आमच्या सोपानचं विचारलंत तर, विसाव्या वर्षी त्याने नाव बदलून 'स्वप्निल' करायचं ठरवलं होतं. गॅझेटचा फॉर्म भरून आणला, वडिलांना दाखवला. वडिलांनी वाचला, घडी घालून परत दिला, बोलले काहीच नाहीत. तो फॉर्म त्याच्या पेटीत बरीच वर्षं होता. आता तो बावन्न वर्षांचा आहे, आणि नाव आवडतं असं स्वतःहून सांगतो.

मुलाचं नाव मात्र त्याने रेयांश ठेवलंय. वडील आता चौऱ्याऐंशीचे, त्यांच्या तोंडात ते बसत नाही. ते त्याला रेवणनाथ म्हणतात. पोरगं ओ देतं.