खोल पुरलेलं धन, खारी वाळू अन् कोणती मशीन घ्यावी

प्रश्न : नमस्कार. माझे साडू नोकरीला रत्नागिरीत असतात, दिवाळीत आम्ही सगळे तिकडंच चाललोत. साडू म्हणले पावसाळा सरला की किनाऱ्यावर लोकांना नाणी, अंगठ्या सापडतात, येताना मेटल डिटेक्टर घेऊनच ये. ऑनलाइन बघितलं तर एक जण पाच मीटर खोल सांगतो, दुसरा दहा मीटर. किनाऱ्यावर लई खोल पुरलेलं सापडेल अशी कोणती घ्यावी? अन् परत आल्यावर तीच गावातल्या जुन्या वाड्यात चालेल का, आजोबा तिथं हंडा आहे म्हणायचे.
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : भाऊ, आधी ते पाच-दहा मीटर डोक्यातून काढा. चांगल्यातली चांगली मशीन एक नाणं वीस-तीस सेंटीमीटरवर पकडते, म्हणजे तुमची एक वीत नाहीतर थोडं जास्त. वस्तू हंड्याएवढी मोठी असेल तर मीटरभर वगैरे जमतं, पण त्याला मोठी कॉइल (मशीनच्या खालची गोल चकती) नाहीतर दांड्याच्या दोन टोकांना दोन डबे असलेली मशीन लागते, आणि तिला अंगठी अजिबात कळत नाही. त्यामुळं किनारा आणि हंडा दोन्ही एकाच मशीनमधे बसत नाही. दोन काड्या हातात धरून शंभर मीटरवरचं सोनं दाखवणारं यंत्र कुणी विकत असेल तर तिथून निघाच, इंग्लंडमधे असलंच बोगस यंत्र बॉम्ब शोधायला म्हणून इराकला विकणाऱ्या माणसाला 2013 मधे दहा वर्षांची शिक्षा झाली, आत बघितलं तर कामाचं काहीच नव्हतं.

आता किनारा. साधी, एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारी मशीन कोरड्या वाळूत बरी चालते, पण ओल्या वाळूत नेली की खारं पाणी स्वतःच वीज वाहून नेतं ना, मग तिला वाटतं सगळीकडं धातूच आहे आणि ती नुसती किंचाळत सुटते. त्यात रत्नागिरीकडं काळी वाळू, इल्मेनाइट नावाच्या खनिजाची, म्हणजे लोखंडाचा अंश आलाच. म्हणून दोनच पर्याय राहतात. एक पल्स इंडक्शन, ती चुंबकीय झटका सोडून क्षणभर थांबते, तेवढ्यात मिठाच्या पाण्यातला करंट मरून जातो आणि धातूचा उरतो. ही जास्त खोल जाते, पण खिळा काय अन् सोनं काय, तिला बहुतेक सारखंच, दिवसभर गंजके खिळे उकरत बसायची तयारी पाहिजे. दुसरी मल्टी-फ्रिक्वेन्सी, थोडी कमी खोल पण खारेपणा सांभाळते आणि धातूचा अंदाजही सांगते. तुम्ही पहिल्यांदाच घेताय तर मी हीच घ्या म्हणेन, अकरा इंची कॉइलची, पाण्यात बुडवली तरी चालेल अशी. फक्त ‘फॉइल नको’ असं सेटिंग लावू नका, सोन्याची बारीक अंगठी आणि गोळ्यांची रिकामी पट्टी मशीनला जवळपास एकच वाटते. आणि बारीक साखळी तर भल्याभल्या मशीनला सापडत नाही, कडी-कडी वेगळी म्हणून, मंगळसूत्र असेल तर वाट्यांवरच आवाज येतो.

खोलीपेक्षा वेळ साधा हो. साडूंनी खरं सांगितलं, पावसाळ्यात लाटा वरची वाळू ओढून नेतात, खालचं जड सामान वर येतं, दिवाळीपर्यंत वाळू परत भरायला लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटी लांबवर जाते तेव्हा पाण्याच्या कडेकडेनं जा, कॉइल वाळूला घासत ठेवा, गोठ्यात झाडू मारल्यासारखी वर उचलू नका. घरी आलं की गोड्या पाण्यानं धुवा. किल्ल्यांच्या आसपास मात्र खोदायचं नाही, संरक्षित स्मारक असतं तिथं, पुरातत्त्व खात्याचा माणूस आला तर दिवाळी तिथंच.

वाड्याचं म्हणाल तर आपली जमीन बसाल्टची, तिथं मशीन दगडावरच ओरडते, आधी ग्राउंड बॅलन्स करावा लागतो, म्हणजे जमिनीचा आवाज मशीनला सोडून द्यायला लावायचा. आणि दहा रुपयांच्या वर काही निघालं तर कलेक्टरला कळवायचं, 1878 चा निखात निधी कायदा अजून चालू आहे, लपवलं तर वर्षभर कैद होऊ शकते. मालक कुणी ठरला नाही तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला, एक चतुर्थांश जागेच्या मालकाला, मग वाड्यात भावकी किती ते आधी मोजून ठेवा. कुणी पायाळू माणूस आणा, मांत्रिक बसवा म्हणलं तर सरळ पोलिसांना फोन, त्यासाठी 2013 चा जादूटोणा विरोधी कायदा आहे.

प्रश्न : गंगाखेडला दशक्रियेला गेलो, वाळूत वडिलांची सोन्याची अंगठी पडली. मशीन विकत घेऊ का?
— परभणी

उत्तर : एका अंगठीसाठी कशाला घेता, कुणाकडं असेल तर दोन दिवस मागून आणा. गोदावरीचं गोडं पाणी आहे, साधी मशीनसुद्धा चालेल. जिथं बसला होतात तिथं दोऱ्या बांधून हातभर रुंद पट्टे पाडा आणि एक-एक पट्टा सावकाश झाडा, दिसेल तिकडं फिरू नका. खालून रुपया-दोन रुपयाची नाणी ढिगानं निघतील, लोक गंगेत टाकतातच, तर वैतागू नका, नाण्याचा आवाज वेगळा आणि अंगठीचा वेगळा, घरचीच एखादी अंगठी वाळूत पुरून तो आधी कानात बसवून घ्या.