उत्क्रांती घडताना कोणी पाहिलेली नाही, मग तिचा पुरावा कसा मानायचा?

माशांपासून चार पायांचे प्राणी निर्माण होताना कोणीच पाहिलेले नाही, हे खरे आहे. परंतु भूतकाळात काय घडले असावे याविषयी आधी भाकीत करून ते पडताळून पाहता येते, आणि माझ्या मते सर्वांत भक्कम पुरावा तोच. माशांचे व चतुष्पादांचे गुण एकत्र असलेला जीव सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीच्या गोड्या पाण्यातील गाळाच्या खडकांत सापडावा, असा तर्क करून संशोधकांनी कॅनडाच्या उत्तरेकडील एल्समियर बेटावर अनेक वर्षे शोध घेतला आणि २००४ मध्ये त्यांना ‘टिक्टालिक’ सापडला. त्याला माशासारखे खवले व पर आहेत; मात्र चपट्या डोक्यामागे हलवता येणारी मान आहे आणि परांच्या आत मनगटासारखी हाडे आहेत. पोलंडमधील, चतुष्पादांच्या मानल्या जाणाऱ्या त्याहून जुन्या पाऊलठशांमुळे त्याला चतुष्पादांचा थेट पूर्वज म्हणता येत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. मात्र हा वाद कालक्रमाचा आहे, नात्याचा नव्हे.

जीवाश्म पटत नसतील, तर गुणसूत्रे पाहावीत. चिंपांझीत त्यांच्या २४ जोड्या असतात, माणसात २३. आणि माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात, एरवी मुख्यतः टोकांशी आढळणारा डीएनएचा क्रम, पूर्वजातील दोन गुणसूत्रे जुळून एक झाल्याची खूण म्हणून, आतील भागात आजही दिसतो.