लातूरमध्ये वाढदिवसाचं आणि बोरन्हाणाचं सामान गल्लीतल्या दुकानातून घ्यावं की ऑनलाइन मागवावं?

तुम्ही लिहिलंय की बदली होऊन लातूरला नवीनच आला आहात, जानेवारीत लेकीचा पहिला वाढदिवस आहे आणि त्याच आठवड्यात बोरन्हाणही उरकायचंय. माझं ऐकाल तर गल्लीतल्या दुकानातूनच घ्या.

माझ्या थोरल्याच्या पहिल्या वाढदिवसाला मी सगळं ऑनलाइन मागवलं होतं. आदल्या रात्री फॉइलचा 1 आकड्याचा मोठा फुगा फुगवला, तर जेवणं होईस्तोवर त्यानं मान टाकली. साडेनऊ वाजलेले. कोपऱ्यावरचे काका शटर ओढतच होते. त्यांनी ते परत वर केलं, नवीन आकडा काढला, नळीनं हवा भरली, तोंड चिमटीत दाबलं आणि शिवण गालाजवळून हळूहळू फिरवली. कुठूनच वारा लागेना, तेव्हा तसाच फुगवलेला हातात दिला. तेव्हापासून आमचं दुकान ठरलेलं. न फोडलेली पाकिटंही ते परत घेतात, फक्त नेतानाच बोलून ठेवायचं.

खेळणं मात्र ओळखीवर घेऊ नका. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. मार्कपाशी सीएम/एल आणि पुढे आकडे असतात, तो बनवणाऱ्याच्या परवान्याचा नंबर. ते बीआयएस केअर ॲपमध्ये (मार्क देणाऱ्या भारतीय मानक ब्युरोचं ॲप) टाकले की बनवणाऱ्याचं नाव दिसतं. नोंदणी असलेल्या हस्तकला कारागिरांच्या खेळण्यांना यातून सूट आहे. गाणी म्हणणारं, दिवे लागणारं खेळणं असेल तर उलटं करून सेलचं झाकण बघा. ते स्क्रूनं बंद हवं. नखानं निघत असेल तर तिथेच ठेवून द्या. बटणासारखा चपटा सेल लेकरानं गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. हे हातात घेऊनच कळतं, फोटोत झाकण दिसत नाही.

गॅसचे फुगे घेणार असाल तर आत काय भरलंय ते विचाराच. हायड्रोजनचा फुगा केकवरच्या मेणबत्तीनं भडकतो. मी साधे, पंपानं भरलेलेच लावते, आणि फुटले की तुकडे आधी उचलते. वर्षाच्या लेकराच्या घशात ते पटकन अडकतात.

बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, पण हलव्याचे दागिने संक्रांतीच्या आधीच बघून ठेवा, नंतर चांगले उरत नाहीत. हार हातावर घासून बघा. काटेरी हलवा कोवळ्या मानेला टोचतो, म्हणून काळ्या झबल्याची कॉलर वर असू द्या आणि दागिने कपड्यावरूनच बांधा. डोक्यावरून ओतायला मुरमुरे जास्त घ्या. बोरं, शेंगा, गोळ्या बाजूला बसलेल्या मोठ्या पोरांच्या पुढ्यात टाका, तिच्या हाताला लागू देऊ नका.

पंचवीस-तीस रिटर्न गिफ्ट लागणार असतील तर तेवढ्यापुरतं गंजगोलाईत, म्हणजे शहरातल्या गोल बाजारपेठेत जा. सोळा रस्ते फुटतात तिथून, नवीन माणूस हमखास चुकतो. मधलं जगदंबेचं देऊळ खूण म्हणून धरा. सकाळी दुकानं उघडता उघडता गेलात तर दुकानदार डझनाचा भावही निवांत बोलतो आणि एकेक नग काढूनही दाखवतो.